परीक्षेला न आलेलं बंड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८९ साली मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.ए.ला होतो. विषय इतिहास. फ्रेंच राज्यक्रांतीला त्या वर्षी दोनशे वर्षं पूर्ण होत होती, आणि ती आम्हाला शिकवायला एक सिंधी सर होते. फाळणीच्या वेळी सातआठ वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर कराचीहून आले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकीत वाढले. त्या छावणीचंच पुढं १९४९ साली उल्हासनगर झालं. आजही तिथं पत्ता सांगताना माणूस ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतो. सर बास्तीयचा तुरुंग असा फोडायचे की बाकावर बसल्या बसल्या आमच्या हातात कुदळ आल्यासारखं वाटे. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द फळ्यावर लिहून ते खडू खाली ठेवत आणि थोडा वेळ काहीच बोलत नसत.

आमच्या पाठ्यपुस्तकात एका प्रकरणाच्या शेवटी दोन ओळी होत्या. व्हेंडी प्रांतातल्या अडाणी शेतकऱ्यांनी पाद्री आणि सरदारांच्या चिथावणीनं क्रांतीविरुद्ध बंड केलं आणि ते मोडून काढण्यात आलं, अशा अर्थाच्या. व्हेंडी म्हटल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी भेंडी म्हणालं, वर्ग हसला. मी हात वर करून विचारलं, "सर, क्रांती शेतकऱ्यांसाठी होती, मग शेतकऱ्यांनीच बंड का केलं?" सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "चांगला सवाल आहे. पण व्हेंडी परीक्षेला येत नाही."

परीक्षेला खरोखरच आली नाही. माझ्या आयुष्यात मात्र दोनच वर्षांनी आली. ते पुढं सांगतो. आधी त्या दोन ओळींत काय दडलं होतं ते सांगितलं पाहिजे.

त्या प्रांताच्या नावाचा फ्रेंच उच्चार वाँदे. आपण ‘वांदे झाले’ म्हणतो ना, जवळजवळ तसाच. फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नावाची मोठी नदी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिणेचा हा मुलूख. लहान लहान शेतं, प्रत्येक शेताला उंच बांध, बांधावर दाट झाडीची वई. दोन शेतांच्या मधून जाणारी वाट वर्षानुवर्षांच्या चिखलानं आणि गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेली, वरून फांद्यांनी झाकलेली. आमचं मूळ गाव कराडकडचं. तिथं अशा वाटेला पाणंद म्हणतात. वाँदे म्हणजे पाणंदींचा देश. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. घरं विखुरलेली. अशा ठिकाणी माणसं एकत्र यायची ती रविवारी, देवळात. तिथं लग्न ठरायचं, गायीचा सौदा व्हायचा, सरकारी हुकूम वाचला जायचा, मेलेल्याचं नाव घेतलं जायचं. पाद्री बहुधा त्याच मुलखातला, शेतकऱ्याच्या किंवा गावातल्या कारागिराच्या घरातला. आजाऱ्याला औषध, भांडणात मध्यस्थी, पत्र वाचून दाखवणं ही सगळी कामं त्याच्याकडं. आपल्या गावातल्या मशिदीच्या मौलवीकडं किंवा देवळाच्या गुरवाकडं पाहिलं की हे पटकन समजतं.

हे शेतकरी सुरुवातीपासून क्रांतीच्या विरोधात होते का? मुळीच नाही. १७८९ साली राजानं गावोगावच्या तक्रारी लिहून मागवल्या, तेव्हा वाँदेच्या गावांनीही लिहून दिल्या. कर कमी करा, सरदारांचे हक्क काढा, गरिबावरचा बोजा उतरवा. म्हणजे पॅरिसला जे हवं होतं त्यातलं बरंच यांनाही हवं होतं. बास्तीय पडला तेव्हा या पाणंदींमध्ये कोणी रडल्याची नोंद नाही.

मग काय बिघडलं? नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राची म्हणून जाहीर झाली आणि पुढं तिचे लिलाव निघाले. शेतकऱ्याला वाटलं, चला, आता जमीन मिळेल. पण लिलावात बोली लावायला रोकड लागते. ती होती गावाजवळच्या शहरातल्या व्यापाऱ्यांकडं, वकिलांकडं, नव्या अंमलदारांकडं. मठाची जमीन गेली ती त्यांच्याकडं. कर काही उतरले नाहीत, उलट पुष्कळ ठिकाणी चढले. म्हणजे जुना मालक गेला, नवा आला, आणि नवा मालक तर कर गोळा करणाऱ्याचा मेहुणा निघाला!

जुलै १७९० मध्ये दुसरा कायदा आला. पाद्री यापुढं सरकारी नोकर, त्यांची निवड मतदानानं, आणि त्यांनी राष्ट्राशी आणि या नव्या व्यवस्थेशी निष्ठेची शपथ घ्यायची. रोमच्या पोपनं हे नाकारलं. देशभर पाद्र्यांत फूट पडली. वाँदेमध्ये बहुसंख्य पाद्र्यांनी शपथ घेतली नाही. सरकारनं त्यांच्या जागी शपथ घेतलेले पाद्री पाठवले. गावकऱ्यांनी त्यांना ‘घुसखोर’ ठरवलं. कोणी त्यांच्या प्रार्थनेला जाईना. जुना पाद्री रात्री कुणाच्या तरी गोठ्यात, कुठं रानात प्रार्थना चालवू लागला आणि माणसं पाणंदीतून कंदील घेऊन तिकडं जाऊ लागली. ऑगस्ट १७९२ मध्ये शपथ न घेणाऱ्या पाद्र्यांना देशाबाहेर घालवायचा कायदा झाला. बऱ्याच लहान गावांची देवळं बंद करून ती शेजारच्या गावाला जोडली गेली. बंद देवळांच्या घंटा उतरवून नेल्या. त्या वितळवून नाणी आणि तोफा करायच्या होत्या.

घंटेचं महत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. बदलापूरहून पाठीमागचे डोंगर चढून गेलं की भीमाशंकर. तिथल्या देवळासमोर एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकी ती एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली अशीच प्रसिद्ध आहे. मी पहिल्यांदा भीमाशंकरला ती पाहिली तेव्हा माझ्याबरोबर आमच्या चाळीतला एक वसईकर ख्रिस्ती फिटर होता. त्यानं वर हात करून घंटेला हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "निदान वाजते तरी." वाँदेच्या घंटांचं तेवढंही भाग्य नव्हतं.

तरीही अजून बंड नव्हतं. धुसफूस होती. शेवटची काडी पडली ती वेगळीच. २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. त्यावर वाँदे पेटला असं पुष्कळांना वाटतं, पण राजा मेला तेव्हाही हा मुलूख जवळजवळ गप्प होता. २४ फेब्रुवारीला पॅरिसच्या कन्व्हेन्शननं, म्हणजे क्रांतीच्या संसदेनं, तीन लाख माणसांची सक्तीची भरती काढली. अठरा ते चाळीस वयाचे, अविवाहित किंवा मूलबाळ नसलेले विधुर. आणि जे सरकारी पदावर होते त्यांना सूट! म्हणजे ज्यांनी मठाची जमीन घेतली, पाद्री हाकलला, कर वसूल केला, तीच माणसं आता चिठ्ठ्या काढून शेतकऱ्याचं पोर सरहद्दीवर मरायला पाठवणार आणि स्वतः घरी बसणार.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गावोगाव एकदम भडका उडाला. १२ मार्चला सें-फ्लोराँ या नदीकाठच्या गावात भरतीला जमलेल्या तरुणांवर तोफ डागली गेली, तरुणांनी ती तोफच हिसकावली. शेजारच्या गावात जाक कातलिनो नावाचा लोकर विकणारा फेरीवाला राहत होता. वय ३४, पदरात लहान मुलं. असं सांगतात की बातमी आली तेव्हा तो घरी भाकरीचं पीठ मळत होता. बायकोनं अडवलं. त्यानं हात धुतले, वीसबावीस जण जमवले आणि निघाला. तीन महिन्यांत हा फेरीवाला सगळ्या फौजेचा सरसेनापती झाला. सरदार त्याच्या हाताखाली!

पाठ्यपुस्तकातला ‘सरदारांच्या चिथावणीनं’ हा शब्दप्रयोग इथंच कोसळतो. पहिले पुढारी होते फेरीवाला कातलिनो आणि जंगलराखा स्तोफ्ले. सरदारांना लष्करी कसब होतं म्हणून शेतकरीच त्यांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांना ओढून आणलं. शारेत नावाचा आरमारातून निवृत्त झालेला अधिकारी पुढं मोठा सेनानी झाला, पण शेतकरी बोलवायला आले तेव्हा तो पलंगाखाली लपला होता अशी कथा आहे. ती खरी असो नसो, कोण कोणाला बोलावत होतं ते तिच्यातून कळतं. स्वतःला ते ‘कॅथलिक आणि शाही फौज’ म्हणवून घेऊ लागले. छातीवर कापडाचं लाल काळीज आणि त्यावर क्रूस शिवलेला. हत्यारं म्हणजे कोयते, दाताळी, शिकारीच्या बंदुका. पुढं शत्रूच्या बंदुका आणि तोफा. एका पकडलेल्या तोफेचं त्यांनी मारी-जान असं नाव ठेवलं आणि तिला फुलं वाहिली. लढाई झाली की फौज घरी! गायी धुवायच्या असत, पेरणी असे. सेनापती हताश. चार दिवसांनी पुन्हा गोळा व्हायचे.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर मी माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा काही वेगळं केलं असं होणार नाही. या देवभोळ्या माणसांनी सुरुवातीच्या दिवसांत माशकूल गावात क्रांतीच्या बाजूच्या शंभराहून अधिक माणसांना ठार मारलं. दोरीला एकामागून एक बांधून नेत आणि त्या माळेला ‘जपमाळ’ म्हणत. मेलेल्यांत शपथ घेतलेला पाद्रीही होता. जपमाळेचा असा उपयोग करणाऱ्या हातांना मी निष्पाप म्हणणार नाही. माझ्याही धर्माच्या तसबीहीला रक्त लागलेलं मी वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे.

जून १७९३ मध्ये त्यांनी सोम्यूर घेतलं. २९ जूनला नाँत या बंदरावर हल्ला केला. कातलिनोला रस्त्यात गोळी लागली, हल्ला फसला, १४ जुलैला तो मेला. १४ जुलै! बास्तीय पडल्याचा चौथा वाढदिवस.

१ ऑगस्टला कन्व्हेन्शननं हुकूम काढला. वाँदेतली जंगलं, रानं जाळा, पिकं उचला, गुरं न्या. पुढच्या महिन्यांत पॅरिसमध्ये दिनदर्शिकाच बदलली. आठवडा गेला, त्याजागी दहा दिवसांचा दशक आला. रविवार रद्द! सात दिवसांनी मिळणारी सुट्टी दहा दिवसांनी मिळू लागली. वैज्ञानिक, दशमान, सुबक. कामगाराला विचारलं होतं का? इथं मला नेहमी नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. आमच्या ठाण्याचे. मुंबईच्या गिरणी कामगाराला १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळं. रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही त्यांनी त्या मागणीत घातलं होतं असं सांगतात. महात्मा फुल्यांचा अनुयायी, सत्यशोधक, पण कामगाराच्या घरात देव्हारा कुठं आहे हे त्याला माहीत होतं.

१७ ऑक्टोबर १७९३ रोजी शोले येथे बंडखोरांचा मोठा पराभव झाला. त्यांचा एक सेनानी बोंशाँ जबर जखमी झाला. दुसऱ्या दिवशी सगळे, म्हणजे लढवय्ये, बायका, पोरं, म्हातारे असे साठसत्तर हजार जीव सें-फ्लोराँजवळ ल्वार ओलांडायला काठावर जमले. तिथल्या मठाच्या चर्चमध्ये सरकारी फौजेचे सुमारे पाच हजार कैदी कोंडलेले. त्यांचं काय करायचं? बरोबर नेता येत नाहीत, सोडले तर उद्या बंदूक घेऊन मागं येतील. जमाव चर्चच्या दारावर तोफा रोखून उभा. बोंशाँ मरणाच्या दारात होता. त्यानं शेवटचा हुकूम दिला की कैद्यांना माफी. त्या रागावलेल्या जमावानं तो मानला. पाच हजार माणसं जिवंत बाहेर पडली. तिकडं सरकारच्या मर्लें नावाच्या प्रतिनिधीनं वर कळवलं की या गोष्टीचा बोभाटा न झालेला बरा. शत्रूनं दया दाखवली हे आपल्या शिपायांना कळणं सोयीचं नव्हतं. सुटलेल्या कैद्यांत एक साधा लाकूड कोरणारा कारागीर होता. त्याचा मुलगा दाव्हिद दांजे पुढं फ्रान्सचा नामांकित शिल्पकार झाला, पक्का गणराज्यवादी. त्यानं त्याच चर्चमध्ये बोंशाँची समाधी घडवली. हात वर करून माफीचा हुकूम देणारा बोंशाँ संगमरवरात आजही तिथं आहे. क्रांतीवर माझा राग जेव्हा जास्त होतो तेव्हा मला हा मुलगा आठवतो आणि बंडावर माझं प्रेम जेव्हा जास्त होतं तेव्हा माशकूल.

नदीपलीकडची कहाणी दुःखाची. ती सगळी माणसं इंग्रजांच्या मदतीच्या आशेनं समुद्रकाठच्या ग्राँव्हीलपर्यंत चालत गेली, मदत आली नाही, परत फिरली. थंडी, हगवण, भूक. डिसेंबरात ल माँच्या रस्त्यांवर कत्तल झाली आणि २३ डिसेंबरला साव्हने येथे ती फौज संपली. नाँतमध्ये कारिए नावाच्या प्रतिनिधीनं तुरुंग रिकामे करायचा उपाय शोधला. कैद्यांना तळ फोडता येईल अशा पडावांत भरायचं आणि रात्री नदीत सोडायचं. पहिल्या खेपेला सुमारे ९० पाद्री. पुढं हजारांच्या घरात, बायका-मुलांसकट.

खरं म्हणजे युद्ध संपलं होतं. तरी जानेवारी १७९४ मध्ये सेनापती तुरोनं आपल्या फौजेच्या तुकड्या पाडून त्या मुलखात सोडल्या. गावं जाळत, दिसेल त्याला मारत जायचं. लोकांनी त्यांना ‘नरकाच्या पलटणी’ हे नाव दिलं. गणराज्याच्या बाजूनं असलेली गावंही सुटली नाहीत. ले ल्यूक गावात २८ फेब्रुवारीला जे घडलं त्याची यादी तिथल्या पाद्र्यानं करून ठेवली. ५६४ नावं. त्यात तान्ही मुलं आहेत.

एकूण किती मेले? इतिहासकार अजून भांडतात. सुमारे आठ लाख वस्तीच्या त्या मुलखातले एक लाख सत्तर हजारांच्या आसपास, हा अंदाज आज बरेच जण मानतात. १९८६ साली रेनाल्द सेशे या अभ्यासकानं याला वंशसंहार म्हटलं आणि फ्रान्समध्ये मोठं वादळ उठलं. विरोधक म्हणाले, क्रूर यादवी युद्ध होतं, वंशसंहार नव्हे. मी कवी माणूस, न्यायाधीश नव्हे. मला एवढंच दिसतं की ले ल्यूकला १९९३ साली स्मारक उभं राहिलं, त्याच्या उद्घाटनाला रशियन लेखक सोल्झेनित्सिन आले होते, आणि तुरोचं नाव पॅरिसच्या विजय कमानीवर कोरलेलं आजही आहे. दोन्ही दगडच.

या सगळ्यात आपलं माणूस कुठं आहे का, असं मी शोधत होतो. एक सापडला. गोव्याच्या कांदोळीचा आबे फारिया. पणजीला आदिलशहाच्या वाड्याशेजारी त्याचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला. एका स्त्रीवर दोन्ही हात उगारून उभा, संमोहन करताना. १७५६ चा जन्म. लहानपणी बापाबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला. राणीसमोर प्रवचन करताना गोंधळला तेव्हा बाप खालून कोंकणीत कुजबुजला की ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! ही दंतकथा गोव्यात पोराटोरांना माहीत आहे. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध कट उघडकीला आला, पिंटोंचा कट म्हणतात तो. त्यात गोव्याचेच पाद्री होते, कारण वरच्या जागा गोऱ्यांना आणि यांना नाही. पंधरा जणांना फाशी झाली, फारियाच्या बापाला लिस्बनमध्ये पकडलं. फारिया पॅरिसला निसटला. आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये कन्व्हेन्शनविरुद्ध पॅरिसच्या मोहल्ल्यांनी उठाव केला, त्यात एका तुकडीच्या पुढं हा कांदोळीचा पाद्री होता. त्याच दिवसांत वाँदेच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर मेलेल्या राजाचा भाऊ उतरला होता आणि शारेत त्याची वाट बघत होता. तो काही किनाऱ्यावर आला नाही. पॅरिसचा उठाव नेपोलियन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या तोफांनी मोडला. म्हणजे पहा, गोव्यात सत्ता राजाची आणि चर्चची, तिथं या घराण्याचं नाव बंडखोरांत. फ्रान्समध्ये सत्ता क्रांतीची, तिथं फारिया पुन्हा सत्तेविरुद्ध. त्याला प्रतिगामी म्हणाल की पुरोगामी?

हा प्रश्न मला सुचला त्याचं कारण माझे अब्बा. आता ते सांगतो.

अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. नाव घेत नाही. युनियन उभी करायला ज्यांनी गेटवर लाठ्या खाल्ल्या त्यांत ते पहिल्या दहांत. पाच वेळचे नमाजी आणि लाल झेंड्याचे. त्यांना यात कधी अडचण दिसली नाही. १९९१ च्या सुमारास युनियनचे पुढारी बदलले. शिकलेली, शहरातली, तळमळीची मुलं होती. मी त्यांच्या अभ्यासवर्गाला जायचो. त्यांनी मालकाशी करार केला. पगारात चांगली वाढ, आणि त्या बदल्यात काही जुन्या सवलती सोडल्या. शुक्रवारच्या नमाजाची पाऊण तासाची सूट, नाताळच्या आदल्या रात्रीची पाळी-माफी, शिमग्याचा अर्धा दिवस. हिशेब केला तर करार कामगाराच्या फायद्याचा होता. आणि कोणा एका धर्माला त्यात झुकतं माप नव्हतं, हे मी अब्बांना अभिमानानं सांगितलं.

अब्बा जेवत होते. म्हणाले, "अच्छाच होगा रे. पन मेरेकू पूछे क्या किसीने?"

मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, आकडे समोर आहेत. आणि मग मी त्यांना तो शब्द वापरला, अभ्यासवर्गात शिकलेला. प्रतिगामी. अब्बांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी तो शेजारच्या वसईकर फिटरला विचारला. तो म्हणाला, "मागं जाणारा." दोघांनी मिळून त्या आठवड्यात युनियनचा राजीनामा दिला. त्यांच्या मागून शिमगेवाले कोकणी आले. पुढाऱ्यांनी गेटवर फलक लावला की काही कामगार मालकाच्या चिथावणीला बळी पडले आहेत. तो मजकूर मीच लिहिला होता. अक्षर चांगलं होतं माझं.

चिथावणी हा शब्द मी कुठून घेतला ते मला पुष्कळ वर्षांनी, वाँदेवर वाचता वाचता लक्षात आलं. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींतून.

आमच्या तालुक्यात मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांचा वाद पिढ्यानपिढ्या चालला. २२ जून २०१७ रोजी तिथं शेतकरी रस्त्यावर आले, गाड्या जळल्या, पोलिसांनी छर्रे झाडले. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये एक जण सांगत होता की बाहेरच्यांनी चिथावलं. मी बदलापूरला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. जाळपोळ चूकच. पण तो शब्द ऐकला की आता माझ्या पोटात कळ येते.

वाँदे अखेर शांत कसा झाला? तुरोमुळं नाही. १७९५ च्या फेब्रुवारीत शारेतशी तह झाला. उघड प्रार्थनेची मुभा आणि सक्तीच्या भरतीतून सूट. जे १७९३ मध्ये मागितलं होतं तेच, मधल्या प्रेतांनंतर. तह टिकला नाही, १७९६ च्या सुरुवातीला स्तोफ्ले आणि शारेत गोळीला बळी पडले. पण सेनापती ऑशनं एक शहाणपण केलं. बंदुका काढून घेतल्या आणि पाद्र्यांना हात लावला नाही. गुरं परत दिली. १८०१ मध्ये नेपोलियननं पोपशी करार केला आणि उरलेल्या देवळांत पुन्हा घंटा वाजू लागल्या.

अब्बा २००६ साली गेले. बदलापूरच्या घरात त्यांची पत्र्याची ट्रंक होती, ती उघडली तेव्हा रुमालात बांधलेल्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या निघाल्या. पहिल्या पावतीपासून सगळ्या, महिन्यावार लावलेल्या. मला वाटलं, शेवटची १९९१ ची असेल. पण राजीनाम्यानंतरही त्यांनी दर महिन्याला वर्गणी पाठवली होती, निवृत्त होईपर्यंत. पावत्यांवर त्यांचं नाव नाही, नुसतं ‘हितचिंतक’ लिहिलंय. पैसे पोचवणारा वसईकर फिटर असणार. तो त्या आधीच गेला होता, त्यामुळं कोणाला विचारायचं ते राहून गेलं.